गळणारा बॉक्स आणि नंबर नसलेला सील

पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स गळतो, याबद्दल मला तक्रार करायची नाही. वीस वर्षं गरम तेलात बसलेलं रबर कधी ना कधी कडक होणारच, आणि ते कडक झालं की तेल वाट काढणारच. तक्रार आहे ती त्यानंतर जे सुरू होतं त्याची. न पुसता केलेली तपासणी, नंबर नसलेलं सील किट, न दाखवता फेकून दिलेला जुना भाग, आणि मागितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो असं बिल. यातली एकेक गोष्ट इतकी बारीक आहे की तिच्यासाठी कोणी भांडत नाही. भांडलंच तर लोक विचारतात, एवढ्याशा रबरासाठी? हो, एवढ्याशा रबरासाठी. घरची सगळी माणसं त्या रबराच्या भरवशावर निपाणीजवळचा तवंदी घाट उतरतात.

आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या घरांपैकी एक. आम्ही बेंगळूरूच्या चिकपेटात. त्याला लागूनच नगरथपेट आहे, तिथे सोनारकाम चालतं, आणि जिथे सोनार तिथे गलाईची मूस पेटलेली असतेच. गावाकडची जत्रा, लग्नकार्य, दहावं-तेरावं, सगळ्याला आमची गाडी तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा रस्ता धरते. गाडी टाटा सुमो, २००५ची. टाटांची टेल्को ज्यांनी उभी केली त्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन हे नाव ठेवलं गेलं. मुळगावकर १९८९ साली गेले, गाडी १९९४ साली आली. पुण्याचा कारखाना उभारताना या माणसाने यंत्रं बनवण्याचा विभाग आणि कामगारांना शिकवण्याचा विभाग आधी उभा केला, गाड्या नंतर. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे लिहायचं आहे ते शिकवण्याबद्दलच आहे.

गाडी उत्तम चालते. इंजिनाला काही झालेलं नाही. केंद्र सरकारने २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केली. तीही आम्ही भरू. पण एवढे पैसे भरून ठेवलेली गाडी नीट दुरुस्त करून मिळावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे असं मला वाटतं.

चिकपेटात राहणाऱ्या गाडीचा बॉक्स लवकर का जातो, ते आधी समजून घेतलं पाहिजे. बेंगळूरू वसवणाऱ्या केंपेगौडाने १५३७ साली ही पेठ आखली तेव्हा चिक्कपेटे आणि दोड्डपेटे असे दोन रस्ते एकमेकांना छेदत होते. दोड्डपेटे म्हणजे आजचा अ‍ॅव्हेन्यू रोड. रुंदी बैलगाडीच्या हिशोबाची. आज त्याच रुंदीत कपड्यांच्या गाठी लादलेले हातगाडे, दोन्ही बाजूंना पोती बांधलेल्या मोपेड, खरेदीला आलेली माणसं आणि मधे एखादी सुमो असते. अशा जागी गाडी चालत नाही, सरकते. आणि वळवायची ती जागच्या जागी, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून.

बॉक्सला सगळ्यात जास्त कष्ट याच वेळी पडतात. जुन्या सुमोसारख्या गाडीत इंजिनावर चालणारा पंप तेल बॉक्समध्ये ढकलतो. आपण चाक फिरवलं की आतला व्हॉल्व्ह ते तेल एका बाजूला सोडतो, तिथला दाब आतल्या नटला सरकवतो, नटचे दाते सेक्टर शाफ्टला फिरवतात, शाफ्टच्या खालच्या टोकाला बसवलेला ड्रॉप आर्म हलतो आणि चाकं वळतात. हमरस्त्यावर गाडी पळत असताना हे काम हलकं असतं. उभ्या गाडीचं चाक डांबरावर घासत वळवायचं म्हणजे दाब सत्तर बारच्याही वर जातो. मोटारीच्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बारची असते, यावरून अंदाज यावा. स्टिअरिंग टोकाला नेऊन तसंच दाबून धरलं तर तेल पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहतं आणि तापतं. तापलेलं तेल रबराला कडक करतं. चिकपेटच्या गल्लीत हे रोज सकाळी होतं आणि रोज संध्याकाळी होतं.

तेलाच्या दाबाने चाक वळवण्याची ही युक्ती जुनी आहे. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली एका मोटारीवर तेलाच्या दाबाचं स्टिअरिंग बसवून दाखवलं. दुकानात विकत मिळणाऱ्या मोटारीत ते यायला १९५१ साल उजाडलं, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. म्हणजे हे काही कालपरवाचं गूढ तंत्र नव्हे. तेल कुठून येतं, कुठे जातं, कुठल्या तोंडाशी गळू शकतं, हे सगळं कधीच समजलेलं आणि लिहिलेलं आहे.

बॉक्स गळण्याच्या जागा मोजक्या आहेत. वरून जिथे स्टिअरिंगचा दांडा आत जातो तिथला सील. खाली ड्रॉप आर्मच्या वरचा सेक्टर शाफ्टचा सील. झाकणाचं पॅकिंग. अ‍ॅडजस्टिंग स्क्रूचा लॉकनट. होज पाइपांचे जोड. तेल मात्र कुठूनही सुटलं तरी खालीच येतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून थेंब पडतो. म्हणून खालचा सील ओला दिसला की तोच गेला, असं म्हणता येत नाही. आधी सगळा बॉक्स डिझेलने धुवायचा, कापडाने कोरडा करायचा, इंजिन चालू करून एकाने स्टिअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना न्यायचं आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन खाली बघायचं. पहिला ओलसरपणा जिथे दिसेल तिथे गळती. या कामाला हत्यार लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, चिंध्या आणि थोडं डिझेल.

माझी पहिली तक्रार अशी की हे सहसा कोणी करत नाही. एक अपवाद सोडला तर मी ज्या ज्या गॅरेजात गाडी उभी केली, तिथे माणूस खाली वाकला, बोट लावलं, बोटाला लाल तेल लागलं आणि निदान झालं. कोणी म्हणालं सील, कोणी म्हणालं पाइप, कोणी म्हणालं अख्खा बॉक्स. धुऊन बघा म्हटलं तर 'नाळे बन्नी', उद्या या. उद्या गेलं की पुन्हा बोट.

दुसरी तक्रार या सल्ल्याबद्दल: 'तेल डालको चलाव साब, कुच नै होता.' हा सल्ला मला कन्नडमध्येही मिळाला, दखनीतही मिळाला आणि आमच्याच एका नातेवाइकाकडून शुद्ध मराठीतही मिळाला. कुच नै होता हे खोटं आहे. ज्या गल्लीत माझी गाडी उभी राहते तिथून पहाटेपासून हमाल जड हातगाडे ओढतात, त्यातले काही अनवाणी असतात. फरशीवर सांडलेल्या तेलावर पाय सटकला तर अंगावर गाठी येतात. पाऊस पडला की तेच तेल रस्त्यावर पसरतं आणि दुचाकीवाला घसरतो. आणि तेल संपलं की पंप कोरडा फिरून खराब होतो, चाक एकदम जड होतं. गल्लीत ते जड झालं तर खांदे दुखतात. निपाणीजवळच्या उतारावर जड झालं तर काय होईल, याचा विचार मी गाडी चालवताना करतो आणि माझ्या शेजारी बसलेली आई करत नाही, कारण तिला कोणी सांगितलेलं नाही. तेल टाकत राहा म्हणणाऱ्याने हे एकदा डोळ्यांसमोर आणावं.

गळती थांबवणाऱ्या बाटल्याही मिळतात. तेलात ओतायचं औषध. ते रबराला मऊ करून फुगवतं, त्यामुळे कडक झालेला सील काही काळ धरतो. फाटलेल्या सीलला ते जोडत नाही आणि शाफ्टवरचा ओरखडा भरत नाही. बाटलीवर हे स्पष्ट लिहिलं पाहिजे.

आता सील किट. बेंगळूरूत गाडीचे सुटे भाग म्हणजे जे. सी. रोड. चिकपेटातून टाउन हॉलच्या बाजूने चालतही जाता येतं. दुकानं इतकी आहेत की माल मिळणार नाही असं वाटतच नाही, आणि किट मिळतंही. प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन काळे सील, काही ओ-रिंग, एक-दोन वॉशर. पिशवीवर गाडीचं नाव पेनाने लिहिलेलं. कोणी बनवलं ते नाही, कुठल्या बॉक्ससाठी ते नाही, भाग क्रमांक नाही, महिना-साल नाही. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे बॉक्स आलेले असू शकतात, हे दुकानदाराला माहीत असतं. तरी विचारलं की उत्तर एकच: बसतंय, घेऊन जा.

बसतंय खरं. इथेच सगळी फसगत आहे. ऑइल सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. ते तिन्ही जुळले की सील जागेवर बसतो. पण साधा ऑइल सील आतल्या तेलाचे शिंतोडे अडवण्यासाठी असतो, तो जेमतेम पाव-अर्धा बार दाब सोसतो. पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्सचा सील दाब धरण्यासाठी वेगळ्या घडणीचा आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचा असतो. मापाने सारखे, कामाने वेगळे. साधा सील लावला तर गाडी गॅरेजातून कोरडी बाहेर पडते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गळते. मग गॅरेजवाला म्हणतो, बघा, मी म्हणत होतो, बॉक्सच गेलाय.

आमच्या दुकानात सोनार जुन्या दागिन्यांची मोड घेऊन येतो. त्याच्यासमोर वजन होतं, त्याच्यासमोर मुशीत टाकलं जातं, लगड निघाली की पुन्हा वजन, घट किती आली ते त्याला दिसतं, टंच, म्हणजे शुद्धता, काढून दाखवला जातो. त्याने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही पैशाचं नाव घेऊ शकत नाही. दोन ग्रॅमच्या कानातल्यालाही १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा आहे, त्याशिवाय सराफाला ते विकता येत नाही. कानातलं खोटं निघालं तर पैशाचं नुकसान होतं, जीव जात नाही. स्टिअरिंगच्या सीलला मात्र क्रमांक नको, बनवणाऱ्याचं नाव नको, काही नको. हा हिशोब मला समजत नाही आणि समजून घ्यायचाही नाही. तो बदलायला हवा.

बॉक्स काढण्याच्या कामातली हातोडी हा वेगळा विषय आहे. ड्रॉप आर्म सेक्टर शाफ्टवर दात्यांमध्ये घट्ट रुतलेला असतो. तो पुलरने काढायचा असतो. पुलर महाग हत्यार नाही, एस. पी. रोडच्या दुकानांतून हत्यारं घेणाऱ्या कुठल्याही गॅरेजाला परवडेल. तरी घाव घातले जातात. शाफ्टच्या टोकावर घातलेला प्रत्येक घाव आत बेअरिंगपर्यंत पोचतो, आणि आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डा पाडू शकतो. गळती थांबवायला गेलेला बॉक्स मग चाक फिरवताना अडखळू लागतो. पोरगं हातोडी मारत असताना मी थांब म्हटलं की मालक मला खुर्ची देतो आणि चहा मागवतो. मला चहा नको असतो.

आणि तो स्क्रू. बॉक्सच्या झाकणावर मधोमध एक स्क्रू असतो, त्यावर लॉकनट. आतल्या दात्यांमधली ढिलाई मध्यावर किती असावी हे त्याने ठरतं. चाक सरळ ठेवून, आधी सांध्यांची आणि बेअरिंगची ढिलाई तपासून, मग तो किंचित फिरवायचा असतो. आमच्याकडे स्टिअरिंगला प्ले आहे म्हटलं की रस्त्यावरच हा स्क्रू आवळून देतात, पैसेही घेत नाहीत, उपकार केल्यासारखं हसतात. जास्त आवळला की वळण घेतल्यावर चाक आपण होऊन सरळ होत नाही, आतले दाते झिजतात. ढिला पडलेला बॉल जॉइंट तसाच राहतो. फुकट झालेल्या या कामाची किंमत पुढच्या बॉक्समध्ये वसूल होते.

मोठ्या वर्कशॉपात यातलं काही होत नाही, कारण तिथे बॉक्स उघडतच नाहीत. काचेच्या मागे बसलेला मुलगा संगणकावर बघतो आणि सांगतो, सर, असेंब्ली बदलावी लागेल. का? सर, आम्ही रिपेअर करत नाही. चांगला बॉक्स बदलून भंगारात का घालायचा, याचं उत्तर त्याच्याकडे नाही, आणि ते त्याने द्यावं अशी अपेक्षाही मी ठेवत नाही. त्याला कधी कोणी बॉक्स उघडून दाखवलेलाच नसतो.

बॉक्स उघडून दाखवणारा माणूस मला कलासिपाळ्यात भेटला. बस आणि ट्रकची कामं करणारी छोटी जागा, म्हातारा मिस्त्री, दोन शिकाऊ पोरं. त्याने आधी धुतलं. मग बघितलं. पुलर लावून आर्म काढला, काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर खूण केली. जुना सील काढून वर्तमानपत्रावर माझ्यासमोर ठेवला आणि शाफ्टवर नख फिरवायला सांगितलं. नखाला रेघ लागली. सीलची कड जिथे घासते तिथेच गंजाचे बारीक खड्डे पडले होते. धुळीचा सील आधी गेला, पाणी आत शिरलं, शाफ्ट गंजला आणि गंजाने मुख्य सील खाल्ला. त्याच्या वरचं बेअरिंगही थोडं ढिलं होतं, त्यामुळे शाफ्ट डुलत होता. नुसता नवा सील टाकला असता तर तोही टिकला नसता, हे मला त्या रेघेवरून कळलं. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही.

शाफ्टचा खराब भाग पीण्या औद्योगिक वसाहतीतून हार्ड क्रोम करून, ग्राइंड करून मापावर आणला. बेअरिंग बदललं. सील योग्य जातीचा, छापलेल्या क्रमांकाचा, त्याचं रिकामं पाकीटही मला दिलं. बॉक्स बसवल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, तेल भरत राहिले, फेस थांबला तेव्हाच इंजिन चालू केलं. खर्च नव्या असेंब्लीच्या निम्म्याहून कमी आला. बॉक्स कोरडा आहे.

मग बाकीचे असं का करत नाहीत, हे मी त्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला ते गिऱ्हाइकांना लागू होतं. धुण्याचे पैसे कोणी देत नाही. दाखवण्याचे पैसे कोणी देत नाही. गाडी संध्याकाळी पाहिजे असते. शिकाऊ पोराला बॉक्स उघडायला दिला तर वेळ जातो, आणि गिऱ्हाईक ओरडतं. हे खरं आहे आणि यात आपला सगळ्यांचा दोष आहे. ज्याने तपासणीला अर्धा दिवस घेतला त्याला आपण हळू म्हणतो आणि ज्याने बोट लावून निदान केलं त्याला अनुभवी म्हणतो. तपासणीची मजुरी वेगळी लिहावी आणि ती आपण कुरकुर न करता द्यावी. ती दिल्याशिवाय बाकी कुठलीही तक्रार करण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मजुरी दिल्यावर मात्र अधिकार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचं किंवा केलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरी गॅरेजात बिल मागितलं की पहिला प्रश्न येतो, बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे, चालेल? चालेल. कर देऊन घेतलेल्या बिलावर भागाचा क्रमांक असतो, तारीख असते, आणि उद्या सील गेला तर बोलायला जागा असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. चांगली गोष्ट आहे. जे. सी. रोडवरच्या पेनाने नाव लिहिलेल्या पिशवीपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

म्हणून चिकपेटच्या, नगरथपेटेच्या आणि जिथे जिथे जुनी गाडी जपून वापरतात तिथल्या मराठी माणसांना माझी विनंती आहे. गाडी टाकताना सांगा की आधी धुऊन, चालू करून बघा, त्याची मजुरी मी देतो. हातोडी निघाली तर काम थांबवा. साधा सील घेऊ नका, पाकिटावर क्रमांक असेल तोच घ्या आणि पाकीट घरी आणा. काढलेला सील हातात मागा, शाफ्टवर नख फिरवून बघा. आणि बिल घ्या. कोणी नाहीच दिलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही.